उपासाच्या दिवशीची गोळी

आईच्या दुखण्याबद्दल मुलानं लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यात आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिण्याची सवय नाही. चुकलं तर माफ करा. आईला विचारलं, तर म्हणाली, "लिव्ह. पर नाव नगं घालू."

आईची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. भर थंडीत तिला घाम फुटायचा, झोप लागायची नाही. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. खोक्यातला इंग्रजी कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. वरकुट्याला, आमच्या गावी, घरच्या ओट्यावर बसून मी तो वाचला. डोकेदुखी, छाती जड होणं, अंगावरून जाणं, आणि बरंच खाली कॅन्सर हा शब्द.

"काय लिवलंय एवढं?" आईनं विचारलं.

"काय न्हाय. जेवून घ्यायची गोळी."

कागदावर तसं काही नव्हतं. तोंडात आलं ते बोललो, कागद वहीत दडवला आणि बारामतीला होस्टेलवर निघून आलो.

दीड महिन्यानं घरी गेलो, तर आई पडवीत वेगळं ताट घेऊन बसलेली. आमच्याकडे पाळी आली की बाई अशी बाजूला बसते. कुणाला काही सांगावं लागत नाही. चुलती लांबूनच भाकरी वाढत होती.

"अक्का, सुना आणायच्या वयात पुन्यांदा तरण्या झालाव की वो!"

"गप गं. पोरगं आलंय."

दोघी हसल्या. मी जेवण अर्धवट टाकून उठलो. आईला विचारायचा धीर झाला नाही. हात धुताना चुलतीला विचारलं, किती दिवस झाले?

"आठ झालं की."

दुसऱ्याच दिवशी आईला एसटीनं बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, गर्भपिशवीच्या आतला तुकडा तपासायला पाठवला. मग म्हणाल्या, "गोळी रोज घेता ना?"

"रोज घेते. फकस्त सोमवारी अन् गुरुवारी न्हाय. उपास असतो. जेवून घ्यायची म्हणला ह्यो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून आईसमोरच दडवलेल्या कागदाचं खरं ते सांगितलं.

"गोळ्या अशा मधेमधे चुकल्या तरी रक्त जातं. पण तपासणी झाल्याशिवाय मी काही म्हणणार नाही."

आई गावी गेली. पुढचे दिवस मी वर्गात नुसता बसून होतो. माझ्या एका खोट्यानं तिचं रक्त गेलं असेल, अशी मी आशा धरून होतो. कारण दुसरी शक्यता त्या कागदात खाली लिहिलेली होती.

प्रॅक्टिकल चालू असताना आईचा फोन आला. मी बाहेर पळालो.

"बाईंचा फोन आलता. तुकड्यात वाईट काय न्हाय म्हणल्या. अन् गोळी उपासालाबी चालती."

मी तिथंच पायरीवर बसलो.

"ऐकतूयास न्हवं? आता येताना त्यो कागद घिऊन ये," आई म्हणाली, "अन् समदा वाचून दाव."