उलटी गाठ

जेवण झाल्यावर पाचच मिनिटं पाठ टेकायची, असं ठरवून शलाका वरच्या खोलीत फरशीवर आडवी होते आणि बाबांचा दोर उशाला घेते. शनिवारची दुपार आहे. खाली आई भांडी लावते आहे. तो आवाज आधी जवळ असतो, मग हळूहळू लांब जातो.

दोर म्हणजे कडा उतरायचा, निळा, पन्नास मीटरचा. सुरेंद्र कोंढाळकर, म्हणजे अख्ख्या भोरचे सुरेनदादा, एसटी स्टँडवर टवाळक्या करणाऱ्या पोरांना धरून रविवारी गडांवर नेत, कड्यावरून उतरवत आणि माणसात आणत. त्यांना जाऊन आठ महिने झाले. गेले तेही कड्यावर नव्हे, घरात, सकाळी दाढी करताना. उद्या त्यांच्या माघारी पहिलं शिबिर आहे, आणि चौदा मुलांना दोरावर सोडायचं काम त्यांच्या लेकीच्या गळ्यात पडलंय.

नवा दोर आहे. बाबांचा जुना जोडीदार कैलास चारदा म्हणाला, "ताई, नवा हाय की." पण शलाका हट्टाला पेटली. पहिल्या दिवशी दोर बाबांचाच लागणार. खरं तर बाबांचा नियम तिला पाठ होता. पाच वर्षं झाली की दोर कितीही चांगला दिसो, ते सुरी घेऊन त्याचे तुकडे करत, चुकून कुणी त्यावर लटकायला नको म्हणून. त्याआधी मध्येच कुठे शंका आली, तर ती जागा वेढ्यात घेऊन गाठ मारत, म्हणजे तिच्यावर भार येत नसे. या निळ्याला पाच वर्षं आठ महिने झाले होते. मायेपुढे शलाकानं तिकडे चक्क काणाडोळा केला.

जिन्यावर बूट वाजतात.

बाबा घरात कधी बूट घालत नसत, आई घालूच देत नसे. तरी हे बूट त्यांचेच आहेत, डावा जरा घासत येतो. शलाकाला उठायचंय, पण अंग हलत नाही. बाबा दारात उभे राहतात. एका गालावर दाढीचा फेस तसाच आहे, वाळून पांढरा पडलेला. डाव्या हातात सुरी आहे.

"दोर बघितलास का?"

"बघितला," शलाका म्हणते.

"सगळा? वीत-वीत हातातून सरकवून?"

"हो."

ती खोटं बोलते आहे, आणि ते त्यांना कळलंय. बाबा रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, कारण त्या गप्प चेहऱ्याची तिला भीती वाटायला लागते. आपल्याच बापाची, ज्याच्या खांद्यावर बसून ती पहिला गड चढली त्याची.

फरशी तिच्या टाचांपाशी संपते. पुढे कडा आहे. खूप खोल, तळाशी स्वयंपाकघराचा ओटा दिसतो, आणि मुंगीएवढी आई ताटं लावते आहे. शलाका निळ्या दोराला लटकली आहे. तिच्या खाली मुलं आहेत, एकाखाली एक, चौदाच्या चौदा. कुणी ओरडत नाही. सगळ्यांनी माना वर केल्यात.

वर बाबा गुडघ्यावर बसून सुरी दोराला लावतात.

"बाबा, नका. पोरं आहेत दोरावर."

"म्हणून तर."

तिचे तळहात घामानं निसटायला लागतात. ओरडायला जावं तर घशातून वाराच येतो. बाबा दुसऱ्या हातानं दोर चाचपत एका जागी थांबतात. "इथं बघ. मऊ पडलाय. दाढी झाली की कापणार होतो, राहून गेलं."

"मला भीती वाटते."

"मग? मला नव्हती वाटत? दर शनिवारी वाटायची. आईला विचार."

सुरी ते बाजूला ठेवतात. "आता माझ्यानं कापवत नाही गं. गाठ तेवढी मारतो."

त्यांची डावी बोटं भराभर फिरतात. लहानपणी ती त्यांच्यासमोर बसून गाठी शिकली. ते डावखुरे, ती उजवी, त्यामुळे तिची प्रत्येक गाठ त्यांच्या गाठीची आरशातली बहीण. त्यांच्यासारखी तिला कधी मारताच आली नाही. गाठ आवळतात तसा दोराला झटका बसतो, तिचे हात सुटतात, आणि ती आईच्या ओट्याकडे कोसळत जाते.

"शलू, अगं, किती घामेजलीयस. चार वाजले."

आई चहाचा कप घेऊन उभी आहे. फरशी भिंतीपर्यंत जागच्या जागी आहे. शलाका छातीवर हात ठेवून उठून बसते.

"आई, शिबिराच्या आदल्या दिवशी बाबा कसे असायचे?"

"जेवायचे नाहीत धड. भ्यायचे." आई तिच्या कपाळावरचा घाम पुसते. "तुला सांगू द्यायचे नाहीत. का गं?"

आईची नजर तिच्या उशाकडे गेलेली असते. आई कप खाली ठेवते, फरशीवर बसते आणि दोर ओढून मांडीवर घेते. दोराच्या मधोमध गाठ आहे. झोपताना शलाकाची बोटं तिथूनच फिरत होती, तेव्हा काही नव्हतं.

"ही त्यांची," आई म्हणते. तिची नखं गाठीत शिरतात आणि थांबतात. "लोणच्याच्या बरणीवर त्यांनी फडकं बांधलं की मला कधी सुटलं नाही. उलटीच मारायचे मेली."

गाठीतून दोराचा वीतभर वेढा वर आलाय. शलाका तो चिमटीत धरते. बाहेरून निळा, गुळगुळीत, धड. आत मात्र अंगठा नुसता रुततो, भिजलेल्या पोह्यात रुतावा तसा. उद्या सकाळी याच जागेवरून चौदा मुलं उतरणार होती.

"सुरी आण," ती म्हणते.

आई सुरी आणते, पण लगेच हातात देत नाही.

"गाठीला लावू नकोस," ती म्हणते.

शलाका फक्त वेढा कापते. आतले पांढरे धागे आधीच तुटलेले असतात.