हाडं बोलतात, असं मी सांगितलं होतं

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, अहेरीच्याही पुढे, एका लहान सरकारी दवाखान्यात मी सात वर्षं टायपिस्ट होते. माझं माहेर घुग्घुसचं. अब्बा शिंपी. कापड, धागे आणायला चंद्रपूरला गेले की बसस्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून माझ्यासाठी एखादं पुस्तक उचलून आणायचे. मी सुट्टीत घरी गेले की ती पुस्तकं पिशवीत भरून परत यायची.

त्यातल्या एका मालिकेने मला धरून ठेवलं होतं. परदेशातली एक डॉक्टरीण प्रेतं तपासते, आणि प्रेत कोणाचं, कसं मेलं, कोणी मारलं, हे तिला एकेका हाडावरून कळत जातं, अशा गोष्टी. कोणीतरी त्यांचं मराठीत भाषांतर केलं होतं. पंधरावीस भाग तरी असतील. अब्बांना क्रम काय ठाऊक, दुकानदार देईल तो भाग ते आणत. त्यामुळे नवव्या भागात त्या डॉक्टरणीचा नवरा तिला सोडून गेलेला मी आधी वाचला आणि चौथ्या भागात तिचं लग्न ठरलं तेव्हा मला तिची कीव आली. पण क्रम चुकला तरी एक गोष्ट चुकत नसे. शेवटच्या वीस पानांत सगळं उलगडायचंच.

माझं कामही तेच होतं म्हणायला हरकत नाही. डॉक्टर साहेब हाताने लिहीत ते पोस्टमॉर्टेमचे रिपोर्ट मी टाइप करायची. साप चावलेले, विहिरीत सापडलेले, फवारणीचं औषध प्यालेले. रिपोर्टात काही उलगडत नसे. बहुतेक वेळा शेवटची ओळ एकच असे, ‘मत राखून ठेवले आहे.’

त्या वर्षी मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांना जंगलात हाडं सापडली. पोलिसांनी ती खताच्या पोत्यात बांधून आणली. खालचा जबडा नव्हता, एका पायाची हाडं नव्हती, जनावरांनी ओढून नेली असावीत. पोत्यासोबत एक माणूस आला होता. जंगलातल्या गावचा, पन्नाशीचा, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. घरी गोंडी बोलणारा. आमच्याशी बोलताना मराठी शब्द एकेक वेचून बोलायचा.

त्याची मुलगी जानेवारीत गावातल्या इतर मुलींबरोबर मिरची तोडायला आंध्रात गेली होती. होळीच्या आसपास सगळ्या परत आल्या, ती आली नाही. मुली नेणारा मुकादम म्हणाला, ती भांडून आधीच एकटी निघून गेली. बाप दोनदा पोलिसांत जाऊन आला. त्यांनी लिहून घेतलं. मग हे पोतं आलं.

डॉक्टर साहेब आत हाडं पाहत होते. तो माझ्या खिडकीशी उभा होता.

“बाई, माह्या पोरीचा वरचा दात तुटला व्हता,” तो म्हणाला. “लहानपणी. मोहाच्या झाडावरून पडली व्हती. हा, समोरचा.” त्याने आपल्या दाताला बोट लावून दाखवलं.

मी उठून आत गेले. आत जायची माझी ही पहिलीच वेळ. टेबलावर कवटी होती आणि वरचा समोरचा एक दात अर्धा होता. तुटलेली कड गुळगुळीत झिजलेली. मी महिनाभरापूर्वीच वाचलं होतं, नुकता तुटलेला दात धारदार असतो, जुना झिजतो. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. फार थकलेले होते. म्हणाले, “मॅडम, तुम्ही टाइप करा. दाताचं मी लिहितो.” आणि त्यांनी खरंच लिहिलं.

बाहेर आले तेव्हा माझा चेहरा उजळला असावा. तो माझ्याकडे बघतच होता. मी त्याला म्हटलं, “दादा, काळजी करू नका. ही हाडं मोठ्या डॉक्टरांकडे जातील. हाडं बोलतात. तुमची मुलगी असेल तर कळेल, आणि कोणी काय केलं तेही कळेल.”

“हाडं बोलते?” त्याने विचारलं.

“हो. मी वाचलंय.”

हे मी बोलले. आज तेवीस वर्षांनी मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही, पण माझं वाक्य मला शब्दाशब्दाने आठवतं.

हाडं शहरात तपासायला गेली. त्यानंतर तो दर बाजाराच्या दिवशी यायचा. बाजारात मोहफुलं, कधी डिंक विकायचा आणि दुपारी दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसायचा. पोलीस ठाण्यात आधी जाऊन आलेला असे. तिथे त्याला हाकलत नसत, नुसतं ‘रिपोर्ट नाई आला’ म्हणत. मग माझ्याकडे.

“आला का, बाई?”

“नाही आला, दादा.”

पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की यायचा नाही, ओसरलं की पुन्हा हजर. एकदा त्याने विचारलं, “तुमच्या पुस्तकात किती दिस लागते?”

मला खोटं बोलावंसं वाटलं. “आठवडाभर,” मी खरं तेच सांगितलं.

त्याने बोटांवर काही मोजलं. मग म्हणाला, “तिथली हाडं येगळी असन.”

दुसऱ्या एका खेपेला मी त्याला सांगून बसले, की बापाच्या रक्ताशी हाडं जुळवता येतात. त्याने लगेच हात पुढे केला. “मग घ्या न माहं रक्त. इथीच घ्या.” मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “तशी सोय आपल्याकडे कुठेय? कोर्टाने सांगितलं तर वर पाठवतील, तेही पाठवतील की नाही. तुम्ही त्याला हे कशाला सांगत बसता?” मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, सध्या रक्त नको. त्याने हात मागे घेतला आणि टॉवेलने पुसला.

पुढच्या वर्षी पावसाळा लागल्यावर रिपोर्ट आला. एक पान होतं. हाडं मानवी, स्त्रीची, वय सोळा ते वीस. मृत्यूचे कारण सांगता येत नाही. कवटीशी जुळवून ओळख पटवण्यासाठी मृत व्यक्तीचा समोरून काढलेला, दात दिसतील असा फोटो पाठवावा.

मी त्याला वाचून दाखवलं. सोळा ते वीस म्हटल्यावर त्याने मान डोलावली.

“फोटो नाई, बाई.”

“शाळेतला?”

“शाळेत दोन वरस गेली. तिथी फोटो काऊन काढन?”

“कुणाच्या लग्नातला? मिरचीला गेली तेव्हाचा? कसलाही चालेल, दादा. आठवा.”

तो आठवत राहिला. पुढच्या बाजाराला त्याने एक फोटो आणला, गावात आलेल्या कुठल्याशा साहेबांसोबत बायकांचा काढलेला. मागच्या रांगेत एका बाईच्या खांद्याआड अर्धा चेहरा होता. मुलीचं तोंड मिटलेलं. हसायला लाजायची, तो म्हणाला, दातामुळे. तरी पोलिसांनी तो फोटो पाठवला. दोन महिन्यांनी परत आला, उपयोगाचा नाही म्हणून.

तेव्हा त्याने मुकादमाचं नाव काढणं सोडून दिलं. कोणी मारलं हे त्याला आता नको होतं. “मले हाडं देऊन द्या,” तो म्हणाला. “आम्ही दगड उभा करतो मेलेल्याच्या नावाचा. तिची आई रोज इचारते.”

मी पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर गेले. असं मी आधी कधी केलं नव्हतं. तिथल्या हवालदाराने आम्हाला चहा पाजला आणि समजावून सांगितलं. हाडं कोणाची हे सिद्ध झालं नाही, तर ती कोणाच्या हाती देणार? उद्या दुसरा कोणी बाप आला तर? हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी दाताचं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, या भागात अर्ध्या लोकायचे दात तुटले आहे.”

आम्ही अर्ज लिहिला. मीच टाइप केला, चार प्रतींत. त्याने अंगठा दिला. त्या अर्जाला सात महिने उत्तर आलं नाही. आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, की सदर बेवारस अवशेषांची नियमानुसार विल्हेवाट लावण्यात आलेली आहे. अर्ज पोहोचायच्या आधीच लावली होती.

तो आला तेव्हा पत्र माझ्या टेबलावर होतं. ‘विल्हेवाट’ हा शब्द त्याला कळला नाही. मी म्हटलं, “त्यांनी पुरून टाकलं, दादा. किंवा जाळलं.”

“कुठी?”

“लिहिलं नाही.”

“पुरलं का जाळलं?”

“तेही लिहिलं नाही.”

त्याने पत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग मला विचारलं, “बाई, मंग हाडं बोलली का नाई?”

मी म्हटलं, माझं चुकलं, मी तुम्हाला तसं सांगायला नको होतं. त्याने ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. माझ्यावर तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो ओसरीवर जाऊन बसला, बसची वेळ होईपर्यंत. नंतर कुठल्याच बाजाराला आला नाही. मी त्याच्या गावच्या लोकांना विचारायची, ते म्हणायचे, आहे, घरीच असतो, बोलत नाई कोणासंग.

पुढच्या जानेवारीत मिरचीसाठी मुली न्यायला ट्रक आले. दवाखान्यासमोरच उभे राहत. मुकादम तोच होता. त्या बापाच्या गावच्याही सहा मुली चढल्या. त्यांतली एक पाणी प्यायला आमच्या नळावर आली, तेव्हा मी तिला थांबवून विचारलं, “तुझा कुठे फोटो काढलेला आहे का गं?”

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती तोंडावर ओढणी धरून हसली आणि पळत जाऊन ट्रकमध्ये चढली.