गोळी सोड, मग विळा धर

"येड्याच्या विळ्याखाली कोणी खांदा देऊ नका रे."

रावेरच्या मळ्यात मालक हे सगळ्यांदेखत बोलले. केळीची कापणी चालू होती. आमच्या कामात एक जण घड कापतो, दुसरा खाली खांदा देतो. घड जमिनीला लागला की काळा पडतो. जन्मभर मी कापणारा. माझा जोडीदार नाना बाजूला सरला. "भाऊ, मले पोरंबाळं हायेत," म्हणाला. वर पाहिलं नाही त्यानं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आज लिहितानाही चीड येते.

त्या साली झोप उडाली होती. भाकर गोड लागेना, जीव नकोसा झाला. बायकोनं एसटीत बसवून जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, नैराश्य. गोळी रोज घ्यायची, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोंड कोरडं पडेल, सुस्ती येईल. सुस्ती जाईपर्यंत विळा धरायचा नाही. दारू बंद. दर महिन्याला येऊन मनातलं बोलायचं, तेही औषधच. सगळं पाळलं. डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच मळ्यात आलो होतो.

पण गोळ्यांचं मालकांच्या कानी गेलं होतं. ते म्हणे, "गोळ्या सोड, मंग ये."

पोटासाठी सोडल्या. एकदम. डोकं गरगरलं, मळमळ, घाम. पुढं झोप गेली. मरणाचे विचार परत आले. बायकोनं ओळखलं. "तुमच्या मालकाले डाक्टर कोनी केलं?" तिनं विचारलं.

पुन्हा जळगाव. डॉक्टर म्हणाले, "असे विचार आले की त्याच दिवशी यायचं. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं गोळी तोडायची नाही. वेळ आली की मी हळूहळू कमी करीन."

सावरलो. मळ्यात गेलो. मालक खाटेवर चहा पीत होते.

"सोडल्या का रे?"

"नाही."

"मंग येडाच राह्यला तू."

"मालक, तुम्ही तुमची बीपीची गोळी आज सोडा. मंग मी माही सोडतो."

मळ्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मालक हसले नाहीत. "निघ," म्हणाले.

निघालो. यावलला हमाली धरली. पाठ मोडली, पण मान वर होती. डॉक्टरांनी पुढं गोळी कमी करत करत थांबवली. त्यांनीच.

आता आमच्या आळीत कोणाचं मन असं बसलं की मी त्याला जळगावच्या गाडीत बसवतो. शेजारी मीही बसतो. त्याच्या मालकाला विचारायला जात नाही.