सुमेधच्या नावावरची ओळ

सुमेध गुरुवारी गेला. मला शनिवारी कळलं. रविवारी मी विश्रांतवाडीला त्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोने माझ्या हातात एक जाडजूड वही दिली.

पुढे जे लिहिते आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, सुमेधला तर नाहीच. सहा वर्षं झाली. मला एरवीही भरभर लिहिता येत नाही, आणि आज तर एकेक वाक्य लिहून थांबते आहे. भीती अशी वाटते, की घाई केली तर मी पुन्हा काहीतरी गाळीन.

आधी काम सांगायला हवं. जरा कंटाळवाणं आहे, पण माझी चूक त्या कामाच्या पोटातच आहे.

हडपसरच्या एका लहानशा कंपनीत आम्ही पाच जण एका खोलीत बसायचो. शीतगृहांमध्ये जे नियंत्रक असतात — थंडी कमी झाली की यंत्र चालू करायचं, बिघाड झाला की भोंगा वाजवायचा — त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. नियंत्रक सगळे एका जातीचे नव्हते. काही जुने, काही नवे. म्हणून आमचा तोच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपायलरमधून काढावा लागे. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा. तो हुशार असतो. उतरवता उतरवता सांगतो, बाई, या जागेला नाव दिलंस, पण तिच्यात काही ठेवलंच नाहीस, आणि आता तिथलं वाचायला निघालीस. याला वॉर्निंग म्हणतात. पण विचारल्याशिवाय तो फारसं बोलत नाही. कशाकशाबद्दल बोलायचं ते फ्लॅग देऊन सांगावं लागतं, आणि प्रत्येक कंपायलरला प्रत्येक फ्लॅग कळतोच असं नाही.

सुमेधने यावर एक स्क्रिप्ट लिहिली होती. नवं मशीन आलं की ती स्क्रिप्ट तिथल्या कंपायलरला एकेक फ्लॅग दाखवून विचारायची: हा कळतो का? विचारायची म्हणजे, दोन ओळींचा एक अगदी साधा, निर्दोष प्रोग्रॅम त्या फ्लॅगसकट त्याच्याकडून उतरवून घ्यायची. उतरला, तर फ्लॅग यादीत. नाही उतरला, तर बाहेर. काही कंपायलर लबाड असतात; न कळलेल्या फ्लॅगवर नुसतं कुरकुरतात आणि पुढे जातात. म्हणून सुमेधने नियम कडक ठेवला होता: जराही कुरकुर झाली की उत्तर 'नाही'. पडद्यावर ओळीने दिसायचं — हो, हो, नाही, हो. तो खुर्ची मागे टेकवून ते बघत बसायचा. "तोंडी परीक्षा चाललीय," म्हणायचा.

खोलीचा दुसरा नियम असा, की एकही वॉर्निंग असेल तर प्रोग्रॅम बाहेर जाणार नाही. हाही त्याचाच.

आणि एक पद्धत होती, ती सांगायलाच हवी. कोपऱ्यात एक सामाईक मशीन होतं. ते सुमेधने लावलेलं, त्यामुळे तिथून केलेला कोणताही बदल त्याच्या नावाने नोंदला जायचा. किरकोळ दुरुस्त्या आम्ही सगळेच तिथून करायचो. मात्र केली की ओरडून सांगायचं: "सुमेध, तुझ्या नावावर एक टाकलंय रे!" तो डायरीत टिपून घ्यायचा आणि म्हणायचा, "टाका, टाका. सगळ्यांची पापं माझ्याच खात्यात." ओरडणं कधी कोणी चुकवलं नव्हतं. म्हणून ज्या बदलाला ओरडणं नाही, तो बदल सुमेधचाच — हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं.

त्या वर्षी नव्या नियंत्रकाचं काम माझ्याकडे होतं. शुक्रवारी प्रोग्रॅम द्यायचा होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगून बसले होते, माझं झालंय. झालं नव्हतं. नवा कंपायलर जुन्यापेक्षा चौकस निघाला. माझ्या फाइलवर दोनशेच्या वर वॉर्निंग आल्या. सुमेध मागून जाताना पडद्यात डोकावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मेघना, एवढ्या कादंबऱ्या वाचतेस, हेही वाच की जरा!" सगळे हसले. मीही हसले. तो चिडवायचा ते मायेने, हे मला तेव्हाही माहीत होतं. मग हे इथे का लिहिते आहे? कारण सांगायचं म्हणून नाही. त्या दिवशी ते घडलं, म्हणून.

शुक्रवारी दुपारी चारला तो खाली चहाला गेला. मी कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन बसले. यादीतून फ्लॅग काढले असते तर कोणालाही दिसलं असतं. यादी सगळे उघडायचे. तो दोन ओळींचा तपासणीचा प्रोग्रॅम मात्र कोणी उघडत नसे. मी त्यात एक ओळ घातली. एक नाव, ज्याचा पुढे काहीच उपयोग नाही. एवढंच. अशा नावावर हा नवा कंपायलर न विचारताही कुरकुरायचा. आता कोणताही फ्लॅग दाखवला, तरी तो त्या नावावर कुरकुरणार, आणि स्क्रिप्ट समजणार, याला हा फ्लॅग कळत नाही. मी ती चालवली. पडद्यावर दिसलं — नाही, नाही, नाही, नाही. एका शहाण्याला मी एका ओळीत अडाणी ठरवलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी नोंद झाली. सुमेधच्या नावाने. मी ओरडले नाही.

सोमवारी काढून टाकीन असं ठरवलं होतं. सोमवारी काढली नाही. मग पुढच्या सोमवारीही नाही. वॉर्निंग नाहीत म्हणून आमच्या कंपनीचे सर खूश होते. एकदा तर त्यांनी मिसळ मागवली. मी दोन पाव खाल्ले.

चार महिन्यांनी एका शीतगृहात वीज गेली आणि परत आली. नियंत्रक पुन्हा सुरू झाला, माझ्या फाइलमधल्या एका रिकाम्या जागेतलं काहीतरी वाचलं, आणि त्याला वाटलं, आत पुरेशी थंडी आहे. भोंगा वाजला नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा जनावरांच्या लसींचा सगळा साठा वाया गेला होता. हीच वॉर्निंग त्या दोनशेत होती.

ती माझी फाइल होती, आणि त्याबद्दल मला दोन शब्द ऐकवले गेले. पण खरा प्रश्न वेगळा होता: वॉर्निंग का आली नाही? शोधून कोणी काढलं? सुमेधनेच. तासाभरात. तो त्या ओळीपाशी पोहोचला, शेजारचं नाव त्याने वाचलं, आणि मी पाहिलं — त्याचा हात माउसवर तसाच राहिला. मग तो उठला आणि सरांच्या केबिनमध्ये स्वतः सांगायला गेला.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "वा! म्हणजे गुरख्यानेच शिट्टी काढून ठेवली म्हणायची." नंतर म्हणाले, "त्या मशीनवर दुसरं कोणी बसलं होतं का?" मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होते. घट्टच होतं ते. सुमेध म्हणाला, "कोणी बसलं असतं तर सांगितलं असतं, सर. आमच्यात सांगतात."

त्या दुपारी कँटीनमध्ये एक जण त्याच्याबद्दल म्हणाला, "शेवटी काय…" आणि वाक्य तिथेच सोडलं. सुमेधच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती असायची. वाक्य कुठे जात होतं ते टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं. पुण्यात अशी वाक्यं अर्ध्यावर सोडली तरी पूर्ण ऐकू येतात. मी चहा पीत राहिले.

हे सगळं लिहिलं, पण अजून मी तिथे पोहोचलेलेच नाही. टाळते आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आठवडाभराने तो माझ्या टेबलाशी आला. खुर्ची ओढून बसला. हळू आवाजात म्हणाला, "मेघना, खरं सांग. त्या शुक्रवारी चारच्या सुमाराला मी मशीनवर बसलो होतो का गं? मला काही केल्या आठवत नाही."

तो कोणावर संशय घेत नव्हता. मला साक्ष विचारत होता. कारण मी त्याच्या शेजारी बसायचे, आणि माझी आठवण चांगली आहे असं तो सगळ्यांना सांगायचा.

मी म्हणाले, "बसला असशील."

दोन शब्द. ओळ घातली तेव्हा मी भ्याले होते. हे दोन शब्द म्हणाले तेव्हा भ्यालेही नव्हते. त्याच्याकडे बघून, सहज म्हणाले.

तीन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवू लागला. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. "सध्या काय वाचतेस?" विचारायचा. मी सांगायचे. फोन ठेवताना म्हणायचा, "बघ, मला तारीख आठवली." मला ती गंमत वाटायची. खरंच, गंमतच वाटायची.

रविवारी त्याच्या घरी गेले तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या दिसल्या. 'गॅस बंद?' 'किल्ली?' 'नळ?' त्याचंच अक्षर. घरात लहान मुलगी आहे, चिकटवतात लोक, असं मनाशी म्हणत मी आत गेले.

प्रज्ञाताई, सुमेधची बायको, महापालिकेच्या शाळेत शिकवतात. शांत बाई. पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हृदयाचं काही होतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं हो. सगळं लक्ष डोक्याकडे. विसरायला लागलोय म्हणायचे. सहा वर्षं तेच. दोनदा सगळ्या तपासण्या केल्या, डॉक्टर म्हणाले काही नाही. यांना पटेना. मुलीला स्कूटरवर न्यायचं बंद केलं. म्हणाले, ब्रेक कुठला तेच विसरलो तर? मी हसले, तर चिडले माझ्यावर."

मी विचारलं, असं का वाटायचं त्यांना?

"ऑफिसात एकदा काहीतरी केलं आणि केलेलं आठवलंच नाही, म्हणायचे. तिथून सुरू झालं." मग त्या उठल्या आणि वही घेऊन आल्या. "यात ऑफिसचं आहे. मला त्यातलं कळत नाही. ताई, तुमचं नाव दिसलं म्हणून ठेवली. तुम्ही त्याच खोलीत होतात ना? बघा, तुम्हाला काही आठवतं का."

मी वही घेतली. 'बघते' म्हणाले. तिथे, त्याच्या फोटोसमोर, पुन्हा दोनच शब्द असते तरी पुरले असते, आणि मी 'बघते' म्हणाले.

कर्वेनगरला घरी येऊन ती उघडली. पहिल्या पानावर तो शुक्रवार होता. सव्वानऊ, पोहोचलो. एक वाजता डबा, मेथी. चार, चहा? चार दहा — पुढे जागा कोरी. दुसऱ्या पानावर पुन्हा तोच शुक्रवार, वेगळ्या शाईने. तिसऱ्यावर पुन्हा. चार दहापुढची जागा प्रत्येक पानावर कोरी. मग एका पानावर फक्त दोन वाक्यं: 'मेघनाला विचारलं. ती म्हणाली, बसला होतास.' खाली रेघ. रेघेखाली: 'म्हणजे मला आठवत नाही.'

मी 'असशील' म्हणाले होते. त्याने 'होतास' लिहिलं. माझ्या शब्दावर त्याचा एवढा विश्वास होता, की त्यातली शंका त्याने स्वतःच काढून टाकली.

त्यापुढची पानं मी एकेक करून उलटली. रोज सकाळी त्याने दहा शब्द लिहून पाठ केले होते, आणि संध्याकाळी न बघता समोर उतरवले होते. चिंच, पायरी, शिंपी, कंदील, असे. सहा वर्षं, बारीक अक्षरात. मी शेवटपर्यंत तपासलं. एकही पान मला असं सापडलं नाही, जिथे दहाच्या दहा शब्द बरोबर नव्हते. पुरावा रोज त्याच्या हातात होता. तो माझ्या दोन शब्दांना धरून बसला.

आज मी पहिलं पान उघडलं आणि चार दहापुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'या वेळी मशीनवर मेघना होती. सुमेध खाली चहा पीत होता. ओळ मेघनाने घातली.' खाली सही केली. वही पिशवीत ठेवली आहे. उद्या विश्रांतवाडीला जाऊन ती प्रज्ञाताईंच्या हातात देणार आहे, आणि त्या वाचेपर्यंत समोर उभी राहणार आहे. जुन्या ऑफिसातल्या चौघांना, खोलीतल्या तिघांना आणि सरांना, पत्रं लिहून झाली आहेत.

सुमेध काहीही विसरला नव्हता. हे आता प्रज्ञाताईंना कळेल, त्याच्या मुलीला कळेल, ऑफिसात कळेल. त्याला कळायचं राहिलं.