कड्याच्या वाटेवर मागे चालणारा

चिखलदऱ्याच्या जंगलात त्या माणसाशी माझी गाठ पडली ती एकदाच, आणि तीही मला नको असताना. अकोल्याहून मी एकटाच आलो होतो. टपरीवर चहा घेतला आणि सागाच्या जंगलातून कड्याकडे जाणारी पायवाट धरली. थोड्याच वेळात मागे पाचोळा वाजायला लागला. मी थांबलो की थांबे, मी निघालो की पुन्हा वाजे.

वळणावर त्याला नीट पाहून घेतलं. पन्नाशीचा, डोक्याला कानटोपी, पायात रबरी चपला आणि उजवा हात सारखा शालीखाली. तो पुढे जावा म्हणून मी बुटाची नाडी बांधत बसलो, तर हा झाडाला टेकून आभाळ बघत राहिला. शालीखाली कोयता असणार, हे मी ठरवूनच टाकलं.

कडा आला. पुढे दरी, मागे हा. मी ओरडलो, "काहून मागं लागले हो माह्या?"

त्याने शालीखालून हात काढला. हातात माझीच पाण्याची बाटली होती.

"टपरीवर सोडून आले तुमी."

"मंग आवाज काहून नाही देला?"

"जंगलात जाणारा माणूस पाणी सोडत नाही, भाऊ. ज्याले वापस याचं नसते, तोच सोडते. आवाज देला असता तं तुमी पयाले असते."

मी घटाघटा पाणी प्यालो. बाटली अर्धी होईपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. मग वळला आणि परतीला लागला.

आता तो पुढे होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.