शेवटी उठणारे गुलाबकाका

भजन संपलं तरी गुलाबकाका पेटीपुढून उठत नसत. आरती होई, प्रसाद वाटून होई, सतरंजीची टोकं गोळा व्हायला लागत. हे आपले भात्यावर हात ठेवून बसलेले. मुख्य गायकाची ओळ मागून उचलून धरतात ते झीलकरी. त्यांतला शेवटचा माणूस चप्पल शोधून बाहेर पडला, की मग काका गुडघ्यावर हात टेकून उठत. पुलगावच्या आमच्या गल्लीतल्या या मंडळात माझे वडील ढोलक वाजवत आणि मी फ्रॉकातली पोर झीलकऱ्यांत बसे. डोळ्यांवर झोप यायची, म्हणून एकदा मी चिडून विचारलं, की तुम्ही आधी का उठत नाही? म्हणाले, "म्होरं बसणाऱ्यानं आधी उठू नाई, पोरी. मांगचा एकटा पडते."

त्यांचा आवाज गोड नव्हता, पण ऐसपैस होता; कुणीही येऊन त्यात बसावं. तोच कॅन्सरने नेला. ऑपरेशननंतर मी आष्टीहून भेटायला गेले, तेव्हा त्यांनी पाटी ओढून लिहिलं, "गळा गेला. चाल नाई गेली." स्वतः रचलेलं एक नवं भजन त्यांच्या डोक्यात होतं. ते झीलेसकट एकदा कानांनी ऐकायचं, एवढंच त्यांना हवं होतं. पेटी ओढली की धाप लागे. मंडळही पांगलेलं. माझे वडील गेले होते, आणि झीलकऱ्यांपैकी बबनरावांनी हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात पंक्चरचं दुकान टाकलं होतं.

मी आष्टीच्या शाळेत संगीत शिकवते. मुलांसाठी इंटरनेटवरचं एक सॉफ्टवेअर वापरते. एकच पान सगळ्यांनी आपापल्या घरी उघडायचं, त्यावर रंगीत ठोकळे मांडून सूर लावायचे, स्वतःचा आवाज भरून टाकायचा. एकाने केलेलं दुसऱ्याला लगेच दिसतं. जो कोणी पान उघडून असेल, त्याच्या नावाचा गोल वर उजळतो. काकांची सून रंजना हिच्या लॅपटॉपवर मी ते लावून दिलं. दुसऱ्या दिवसापासून पानावर 'गुलाब' असा हिरवा गोल उजळू लागला. काका एका बोटाने ठोकळे सरकवत आणि बाजूच्या चौकटीत मला लिहीत, "हे यंत्र दमतच नाई. मले घाई करून राह्यलं."

एकदा मी पान तसंच उघडं टाकून तासावर गेले आणि विसरले. संध्याकाळी रंजनाचा फोन आला. "ताई, बाबा सकाळपासून जेवाले उठले नाईत. तुमी अजून बसून हायेत म्हणतेत." मी घाईने लिहिलं, की काका, गोल दिसतो म्हणजे माणूस बसलेला असतोच असं नाही. त्यांचं उत्तर आलं, "थे तुले ठाऊक. मले तं तू दिसून राह्यली. मी कसा उठू?"

त्यानंतर पान बंद करण्याआधी मी न चुकता लिहू लागले, "उठते काका." ते लिहीत, "ऊठ. मी हावो." मग ते जेवायला जात.

बबनरावांनी पहिल्या कडव्याची झील फोनवर भरून पाठवली, तर मागे ट्रकचा हॉर्न. मी तो कापायला निघाले. काकांनी लिहिलं, "राहू दे. ट्रकही आला भजनाले."

हिवाळ्यात दुखणं उलटलं. ज्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं, त्या सकाळी त्यांनी शेवटचं कडवं लावून ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं, "माह्यं झालं. झील तेवढी बाकी हाये. मी बसून हावो." मी त्याच दिवशी झील भरली. बबनरावांची यायची होती. ती आली तेव्हा काका नव्हते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची वाट पाहिली, त्याला आम्ही वेळेवर पुरे पडलो नाही. याचं दुःख अजून जात नाही.

तेरवीनंतर एका दुपारी बबनरावांचा आवाज जोडायला मी पान उघडलं. वर 'गुलाब'चा हिरवा गोल उजळलेला. मी लगेच रंजनाला फोन लावला.

"मीच उघडलं, ताई," ती म्हणाली. "रोज त्याईच्या खोलीत उघडून ठेवल्या जाते. मिटवाचं जिवावर येते."

मी झील जोडली. तिने तिथे वाजवलं, मी इथे. ठोकळ्यांची पेटी, बबनराव, मी, मध्येच ट्रक. काकांचा आवाज तेवढा नव्हता. भजन संपलं. मग ती हळूच म्हणाली, "आता मिटू का, ताई?"

"थांब," मी म्हटलं. "आधी मला उठू दे."

मी लिहिलं, "उठते काका." सवयीने थोडं थांबले. मग पान बंद केलं आणि तिला सांगितलं, की आता मिट. तिने मिटलं की नाही, ते मला इकडून दिसणार नव्हतं.