कागदावरची पावलं

मेइ अक्का नाचायला उभी राहण्याआधी तळपायांना काळी शाई लावायची. आमच्या जे. पी. नगरच्या घराची वरची खोली तिने भाड्याने घेतली होती. चीनमध्ये चित्रकला शिकलेली ही बाई भरतनाट्यम शिकायला आली आणि इथलीच झाली. जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागद अंथरायचा, मी व्हायोलिन वाजवायचं आणि तिने कागदावर नाचायचं. नाच संपला की चित्र तयार! असं तिच्याआधी कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"चित्रकार म्हणतात, ही नाचणारी. नाचणारे म्हणतात, ही चित्रकार. गाणारे बोलतच नाहीत," असं ती हसत सांगायची. मराठी तिने माझ्या आईकडून उचललेलं, आणि आम्ही कन्नड मुलखातले मराठी, म्हणजे मध्ये मध्ये कन्नड आलंच.

पण आईशीच तिचं वाजलं. आई चकल्या घेऊन वर आली आणि दारातच थबकली. आमच्याकडे साध्या वर्तमानपत्राला पाय लागला तरी त्याला हात लावून तो डोळ्यांना लावतात.

"अगं, सरस्वती ती! पाय झडतील तुझे!"

"हात खोटं बोलतो, अक्का. पाय नाही," मेइ अक्का म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य. चकल्या मात्र तिने ठेवून घेतल्या.

पुढच्याच वर्षी मणक्याच्या आजाराने तिचे पाय बधिर होत गेले. "शाई गार लागत नाही," ती मला म्हणाली. त्या गारव्यावरूनच तिला शाईचा अंदाज यायचा. आता रेषेऐवजी डाग पडू लागले. मग उभं राहणंही सुटलं. इकडे आईला अन्न गोड लागेना. डॉक्टरांनी किती समजावलं, पण "माझीच जीभ काळी" हे तिच्या मनातून जाईना. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

मेइ अक्काचा भाऊ तिला चीनला न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी तिने कागद अंथरायला लावला. "स्वल्प वाजव," म्हणाली. खुर्चीत बसून तिने पाय उचलू पाहिला. तो हलेना. माझा हात थांबला.

तेवढ्यात आई वर आली. खाली बसली, मेइ अक्काचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्याला शाई चोळली.

"कुठं ठेवू, सांग."

मेइ अक्का बोटाने दाखवत गेली, आई पाय टेकवत गेली. मी रडत रडत पुन्हा वाजवू लागले.

परवा तिच्या भावाचा फोन आला. मेइ अक्का गेली. आई जिना चढून वर गेली, भिंतीवर लावलेल्या त्या शेवटच्या चित्रातल्या पावलांना तिने हात लावला आणि तो डोळ्यांना लावला.